वर्ध्याच्या बायांची मापं आणि माझी अडीच बोटं

वर्ध्याहून परत येऊन महिना होत आला, तरी आमच्या सोसायटीतल्या बायका अजून विचारतात, "तिकडे पाहिलंस काय?" मी सांगते, "पोटं." मी थट्टा करतेय असं समजून त्या हसतात आणि विषय बदलतात. पण खोटं कशाला बोलू, नऊ दिवस मी दुसरं काही केलंच नाही. धाम नदी पाहिली, कापसाची वावरं पाहिली, तर्री पोहे खाल्ले, हे सगळं पोटांच्या अधेमधे.

मी साताऱ्याची. पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली. माझी थोरली बहीण शालू, तिची मुलगी मृण्मयी, म्हणजे आमची मनू, डॉक्टर आहे आणि वर्ध्याकडे एका संस्थेत काम करते. बाई स्थूल आहे की नाही हे ओळखायचं कसं, या एकाच प्रश्नामागे ती वर्षभर लागली होती. वजनकाट्यावर उभं करून, उंचीशी भागाकार करून? कमरेला टेप लावून? की दंडाची कातडी चिमट्यात धरून? तिन्ही पद्धतींनी त्याच त्याच बायकांची मापं घ्यायची, रक्तातली साखर तपासायची, आणि कोणती पद्धत खरं बोलते ते पाहायचं. त्यातली एकच पद्धत पुढे गावोगावच्या आशाताईंना शिकवायची होती. ऐन वेळी नोंदी लिहिणाऱ्या मुलीचं लग्न ठरलं आणि ती गेली. मनूचा फोन आला, "मावशी, तुझं अक्षर चांगलं आहे आणि तू रिकामी आहेस." दुसरं कारण मला आवडलं नाही, पण गेले.

आणखी एक सांगून टाकते, कारण पुढे ते लागणार आहे. घरात माझं नाव सुतळी. लहानपणापासून मी अशीच, काडीसारखी. शालू मात्र अंगाने भरलेली. तिच्या ताटातल्या तिसऱ्या पोळीवर, तिच्या साडीच्या निऱ्यांवर, तिच्या जिना चढण्यावर बोलायची एकही संधी मी आयुष्यात सोडलेली नाही. ती बिचारी हसते. मला वाटायचं, तिला ते आवडतं.

सेलूच्या बाजूला, पहिला दिवस

सकाळी निघण्याआधी मनूने सगळी उपकरणं माझ्यावर चालवून पाहिली. वजन एकोणपन्नास किलो. उंची दीडशे सेंटिमीटर. कंबर एकोणऐंशी. वहीत मी माझ्याच हाताने लिहिलं, क्रमांक शून्य. मनू म्हणाली, "काट्यात पास, टेपमध्ये पास. बायकांना ऐंशीच्या आत असावं लागतं, तू एकाने वाचलीस." साखर तपासायची राहिली, कारण मी पोह्यांच्या दोन प्लेटी आधीच संपवल्या होत्या. तिकडे पोह्यांवर लालभडक तर्री ओततात आणि वर कच्चा कांदा. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं पेरतात. दुसऱ्या प्लेटीनंतर मला आमचे पोहे आजाऱ्याचे वाटायला लागले.

गाव सेलूपासून जवळच. अंगणवाडीच्या ओसरीवर वीसेक बाया जमल्या होत्या. त्यांना गोळा करणारी होती कुंदाताई, त्या भागातली आशाताई. चाळिशीची, ठेंगणी, आवाज शाळेच्या घंटेएवढा. मी शिक्षकी सवयीने उभी राहिले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "नमस्कार. आम्ही आज तुमची मापं काढायला आलो आहोत."

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. मग कोपऱ्यातल्या गिरजाआजींनी पदर सावरला. "काढा माय," त्या म्हणाल्या. "घरी सुना रोज काढतेत, आता साताऱ्याहून आलेल्या बी काढा."

जो हशा उठला, त्यात माझी पस्तीस वर्षांची अब्रू वाहून गेली. 'मापं काढणे' म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. शालूची तर मी आयुष्यभर काढत आले. पण तोंडातून निघून गेलं ते गेलंच. नऊ दिवस आम्ही त्या भागात 'मापंवाल्या बाया' म्हणूनच ओळखल्या गेलो.

काटा ठेवला तर ओसरी शेणाने सारवलेली, खालीवर. एकाच बाईचं वजन डावीकडे एक, उजवीकडे दुसरं. शेवटी कुंदाताईने कुणाच्या तरी घरून पोळपाट आणून काट्याखाली सरकवला. चिमट्याचं तर विचारू नका. दंडाच्या मागची कातडी त्यात धरली की बाई किंचाळायची, मग हसत सुटायची, आणि हसताना दंड हलला की चिमट्यावरचा काटा कुठच्या कुठे. गिरजाआजी म्हणाल्या, "चिमटा सुनेनं काढला त सहन होते, डाक्टरनं काढला त नाई."

टेपची वेगळीच तऱ्हा. टेप दिसला की प्रत्येक बाई श्वास ओढून पोट आत घ्यायची आणि तशीच उभी राहायची. मनू सांगून थकली, "ताई, श्वास सोडा, नेहमीसारखं उभं राहा." नेहमीसारखं म्हणजे कसं, हे कुणालाच आठवेना. तेव्हा कुंदाताई पुढे झाली. टेप कमरेला लावला आणि बाईच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "घे आता मालकाचं नाव."

बाई लाजली, हसली, "काय वं कुंदे" म्हणाली. पोटातला सगळा श्वास बाहेर. कुंदाताईचं बोट टेपवर तिथेच रुतलेलं. "लिहा मॅडम."

मनू पाहतच राहिली. हे तिला कुठल्या पुस्तकात शिकवलं नसणार. त्या दिवशी कितीतरी नवऱ्यांची नावं मी ऐकली, त्यातली निम्मी उखाण्यात. ज्यांचे मालक गेले होते त्यांना कुंदाताई नातवाचं नाव विचारायची, तेही हसू आणायला पुरे व्हायचं.

कुंदाताईच्या घरी

दुपारी जेवायला तिच्याकडे. तव्यावरची ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, पातळ झुणका. आमच्याकडे वाढताना "अजून घ्या" असं तोंडाने म्हणतात, तिथे म्हणत नाहीत, ताटात टाकूनच मोकळ्या होतात. वाढत होती कुंदाची जाऊ, सिंधू. माझ्याहून बारीक. चालताना डावा पाय जरा ओढत होती.

मी म्हणाले, "तुम्ही अगदी माझ्यासारख्या आहात हो."

"मले सारे म्हणत, सिंधूले हवा लागली त उडून जाईन," सिंधू हसत म्हणाली. "मी बी खुशीत राहो. मंग पायाले जखम झाली, भरूनच नाई राह्यली. दोन बोटं कापली तवा समजलं, साखर आंदरून खाऊन राह्यली होती."

ती पुन्हा हसली आणि माझ्या ताटात भाकरी टाकून आत गेली. 

कुंदाताईने सांगितलं ते असं. दोन वर्षं ती दर शिबिरात जावेला काट्यावर उभं करत होती. काटा म्हणायचा बरोबर आहे. सिंधू ठेंगणी, त्यामुळे टेपही म्हणायचा बरोबर आहे. "एवढुशा बाईले आन् ताडाएवढ्या बाईले एकच आकडा. हे कोणतं गणित हाय मॅडम?" प्रश्न मला होता. गणिताच्या शिक्षिकेला.

मग तिने कोनाड्यातून पोत्याच्या सुतळीचं बंडल काढलं. भिंतीला पाठ लावून उभी राहिली, टाचेपासून डोक्यापर्यंत सुतळी मोजली आणि तोडली. ती बरोबर निम्मी दुमडली आणि बेंबीवरून कमरेभोवती फिरवली. टोकाला टोक भिडलं. "भिडली त बाई बरी. नाई भिडली त बाईची साखर पाहा. ना आकडा, ना काटा, ना चष्मा." कुठल्याशा शिबिरात कुणी बोलता बोलता सांगितलेलं तिने डोक्यात ठेवलं होतं. सिंधूच्या कमरेला लावून पाहिलं तेव्हा तीन बोटं कमी पडली होती. पण तोवर पायाची बोटं गेली होती.

"तुमी जासान तवा काटा बी जाईन," ती मनूला म्हणाली. "मंग मी काय करू, डोळ्यानं मोजू? शिकवाचं त सुतळी शिकवा."

मनूने घास थांबवला. "ताई, तुमचं दुःख मला कळतं. पण एका जावेवरून शास्त्र होत नाही. सुतळी आमच्या तक्त्यातच नाही."

"मंग तक्त्यात घाला ना."

मनू पुन्हा जेवू लागली. तिला शेवटच्या दिवशी संस्थेला एका पद्धतीचं नाव कळवायचं होतं, आणि तिचा कल काट्याकडे होता, हे मला माहीत होतं. कुंदाताईलाही कळलं असावं. त्या दिवसापासून ती आमच्याबरोबर प्रत्येक गावात आली, बंडल पिशवीत घालून.

वडनेर

वडनेरला कापसाची वेचणी ऐन भरात होती. बाया वावरातून थेट आल्या, तशाच. पहिल्याच बाईचं वजन ठीक, दंड बारीक, आणि कंबर एवढी की मी चष्मा पुसून परत विचारलं. मनू गंभीर झाली. पोटात पाणी आहे का, गाठ आहे का, असे प्रश्न तिने सुरू केले. बाई घाबरून रडायच्या बेतात. तेवढ्यात कुंदाताईने तिच्या पदराखाली हात घातला आणि ओंजळभर कापूस बाहेर काढला. वेचलेला कापूस ठेवायची कमरेची ओटी ती सोडायचीच विसरली होती. आम्ही वर्धा जिल्ह्याचं उत्तम पीक मोजत होतो.

इथे कुंदाताईची सुतळी संपली. एका पोरीने उत्साहाने घरून लोकर आणली. लोकरीने मापलं तर गावातल्या सगळ्या बाया एका झटक्यात बारीक निघाल्या. जाडजूड सरपंचबाईसुद्धा भिडल्या. ओढली की लोकर वाढते, हे कुंदाताईच्या लक्षात आलं तेव्हा सरपंचबाई पेढे सांगून बसल्या होत्या. दुकानातून सुतळीचं नवं बंडल आणून त्यांचं माप परत घ्यायचं धाडस फक्त कुंदाताईने केलं. आम्ही दोघी गाडीमागे उभ्या राहून संत्री सोलत होतो.

पण खरी पंचाईत पुढे आली. मनूचं मन एव्हाना थोडं हललं होतं. ती म्हणाली, प्रत्येकीची सुतळी नाव लिहून पाकिटात घालू, मी नेऊन तपासते. बायांनी पाकिटं परत केली. एकही सुतळी कुणी देईना.

"आंगाचं माप दुसऱ्याच्या हाती देत नाई बाई," एक म्हातारी म्हणाली. "कोन काय करन, सांगता येते का?"

मनू समजावायला गेली, तर सगळ्याजणी मापलेल्या सुतळ्या पदराला बांधून घरी निघाल्या. गाडीत ती चिडून म्हणाली, "पाहिलंत? यावर कसं काम करायचं? पुरावाच हातात राहत नाही."

कुंदाताई खिडकीबाहेर बघत होती. "हातात नाई राह्यला त काय झालं? घरी राह्यला. खुटीले टांगतीन आन् दर म्हयन्याले लावून पाहतीन. तुमचा काटा कोण घरी नेईन?"

  माझ्या डोक्यात मात्र काहीतरी वळवळायला लागलं होतं.

पवनार

आठव्या दिवशी काम लवकर संपलं. पवनारला धाम नदीच्या काठी आम्ही बसलो. हिवाळ्यातलं नितळ पाणी, काळे खडक, उन्हात शेकत बसलेले बगळे. सोबत उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणि वर्ध्याचा गोरसपाक, म्हणजे तुपातलं गोड बिस्किट, तोंडात टाकला की विरघळणारा. मी चार खाल्ले. मनू संस्थेला पाठवायचं पत्र मोबाइलवर लिहीत होती. "काटाच सुचवते," ती म्हणाली. "दुसरा मार्ग नाही."

कुंदाताई दूर पाण्यात पाय सोडून बसली होती. तिची पाठ पाहून मला वर्गातली ती मुलगी आठवली, जिचं उत्तर बरोबर असतं पण रीत पुस्तकातली नसते म्हणून जिला मी शून्य दिलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा.

आणि तेव्हा डोक्यात वळवळणारं बाहेर आलं. सुतळ्या घरी गेल्या तर जाऊ देत. सुतळी म्हणजे काय, निम्मी उंची. उंची माझ्या वहीत आहे. कंबरही माझ्या वहीत आहे. आणि साखरही.

"मनू, दहा मिनिटं पत्र पाठवू नकोस," मी म्हणाले आणि वही उघडली. तिसरीच्या पोरालाही जमेल असं गणित. उंचीचं निम्मं करायचं, कमरेशी ताडायचं, कंबर मोठी असेल तर फुली. दहा मिनिटांचा तास झाला. पानामागून पान फुल्या पडत गेल्या. काट्याने आणि टेपने पास केलेल्या, पण सुतळीने अडवलेल्या बऱ्याच बाया निघाल्या, आणि त्यांच्या साखरेच्या रकान्यात पाहिलं तर पुष्कळींचं लक्षण बरं नव्हतं. आकडे मी इथे देत नाही, ते मनूच्या अहवालात येतील. 

शेवटी पहिलं पान उरलं. सगळ्यात वरची ओळ. क्रमांक शून्य. उंची दीडशे, निम्मी पंचाहत्तर. कंबर एकोणऐंशी.

मी दोनदा केलं ते गणित. उत्तर तेच.

क्रमांक शून्य अभ्यासात नव्हताच. पान उलटलं असतं तर कुणाला कळलं नसतं, आणि खरं सांगते, मी पान उलटलंसुद्धा. सुतळी म्हणून आयुष्यभर मिरवलेल्या बाईला सुतळी पुरत नाही, हे बहिणीच्या लेकीसमोर कसं बोलायचं? मग सिंधूचं "मी बी खुशीत राहो" आठवलं. मी पान परत उलटलं आणि फुली मारली.

"मनू," मी म्हणाले, "आणखी एक सापडली. वजन ठीक, टेप ठीक, सुतळीत नापास. साखर अजून कुणी पाहिलेली नाही."

"कोण?"

मी वही तिच्यापुढे धरली. तिने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, परत वाचलं. तिचा चेहरा डॉक्टरचा राहिला नाही. तेवढ्यात कुंदाताई आली, बोलणं ऐकून काही न विचारता पिशवीतून बंडल काढलं, मला एका खडकाला पाठ लावून उभं केलं, मोजलं, तोडलं, दुमडलं, कमरेला लावलं. मी अर्थातच श्वास ओढून धरला होता. ती थांबून म्हणाली, "मॅडम, घ्या मालकाचं नाव."

पस्तीस वर्षांत मी यांना 'अहो' सोडून दुसरी हाक मारलेली नाही. मी म्हणाले, "दत्तात्रय." आणि मला काय झालं कोण जाणे, खो खो हसायला आलं.

"अडीच बोटं कमी," कुंदाताई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हळू आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी मनूने माझं बोट टोचलं. साखर वाढायला लागली होती, हाताबाहेर गेली नव्हती. "वेळेवर सापडलीस मावशी," एवढंच ती म्हणाली आणि मला घट्ट मिठी मारली. मग बसली आणि पत्र नव्याने लिहिलं. एका मावशीवरून शास्त्र होत नाही, हे तिने मला आवर्जून ऐकवलं. वहीतल्या फुल्यांवरून होतं. पत्रात पद्धतीचं नाव एकच होतं, सुतळी. ज्यांच्यापुढे फुली पडली होती त्या सगळ्यांना परत बोलावायचं, हेही त्यात होतं.

कुंदाताईला पत्र वाचून दाखवलं. तिने लगेच सिंधूला फोन लावला आणि म्हणाली, "झालं वं." आणि भर अंगणात रडली. मीही रडले. मनू औषधांच्या खोक्यात उगाच काहीतरी शोधत राहिली.

निघताना मी माझी सुतळी टेबलावर विसरले होते. कुंदाताई स्टँडपर्यंत धावत आली. "इथं नका ठेवू मॅडम. आंगाचं माप हाय, घरी घेऊन जा."

सातारा

सुतळी आता स्वयंपाकघरात, दिनदर्शिकेच्या खिळ्याला टांगलेली आहे. शालू आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. म्हणाले, इतकी वर्षं तुझी मापं काढली, मला माफ कर. ती म्हणाली, "केलं. आता चहातली साखर काढ." तिचीही सुतळी भिडत नाही, पण तिला निदान ते माहीत होतं. आता आम्ही दोघी रोज सकाळी चालायला जातो, आणि चढावर ती माझ्या पुढे असते.

परवा रविवारी मी माप घेतलं आणि वडनेरकडे निघालेल्या कुंदाताईला आनंदाने फोनवर गाठलं. "ताई, महिन्यात दीड बोटावर आले."

पलीकडे बसचा आवाज, बायांचा गलका. "मॅडम," ती म्हणाली, "नाव घेऊन मोजलं का?"

मी फोन ठेवला. सुतळी परत कमरेला लावली, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाले, "दत्तात्रय."

बाहेरच्या खोलीतून हे पेपर हातात घेऊन धावत आले. "काय झालं गं? मला हाक मारलीस?" त्यांचा तो चेहरा पाहून मला हसू फुटलं, पोटातला सगळा श्वास बाहेर गेला, आणि मी सुतळीच्या टोकांमध्ये बोटं ठेवून मोजली.

दोन.